पोडावरचा एक दिवस

बाबा, तुमची नात पुढच्या आठवड्यात शिकायला जर्मनीला चालली आहे. तुम्ही तिला पाहिलं नाही. ती सारखी मोबाइलवर तिकडे शिकणाऱ्या मुलांचे व्हिडिओ पाहते. शेजाऱ्याशी किती बोलायचं, कुणाच्या घरी जाताना काय न्यायचं, सगळं तिला ठाऊक आहे. परवा तिनं विचारलं, "आई, तू तिकडं गेलती तेव्हा तुझी तयारी कोणं करून घेतली?" मी म्हटलं, तुझ्या आजोबांनी, केळापूरच्या पुढच्या एका पोडावर. तिला गंमत वाटली. मला तेव्हा अजिबात वाटली नव्हती.

मे महिना होता. कृषी कार्यालयाच्या कामामुळे कोलाम आदिवासींच्या त्या वस्तीत तुमचं जाणंयेणं होतं. स्कूटरवरून नेऊन तुम्ही मला एका म्हातारीच्या अंगणात उतरवलं. तिला मराठी येत नव्हती. "संध्याकाळी येतो," म्हणालात. मी चिडले. "बाबा, मले जर्मनीले जायचं हाय. इथं कायले आणलं?" "तिथं तरी तुले कोण ओळखते?" एवढं बोलून तुम्ही निघूनही गेलात. मी अंगणात उभी. तहान लागली, पण पाणी मागता येईना. शेवटी ओंजळ तोंडाशी नेली. "ईर," म्हातारी म्हणाली. मी तसंच म्हटलं, तर जमलेल्या साऱ्या बाया हसल्या आणि मला पुन्हा म्हणायला लावलं. दुपारी भाकरी थापायला बसले, ती तुटली, पुन्हा हसल्या. तोवर मीच एकेका वस्तूकडे बोट दाखवून नाव विचारायला लागले होते. तुम्ही परत आलात तेव्हा मात्र मी रडवेली. "हसल्या काय तुले?" "दिवसभर." "मंग? काही झालं काय तुले?" मी डोळे पुसून स्कूटरवर मागं बसले.

तिकडे जर्मनीत वसतिगृहात सगळ्यांचं स्वयंपाकघर एकच होतं. सुरुवातीला मी ताट खोलीत आणून, दार लावून जेवायची. एक दिवस मन घट्ट करून तिथंच टेबलाशी बसले. शेजारची मुलगी कसलासा कंद सोलून राहिली होती. मी बोट दाखवून नाव विचारलं आणि तिच्यामागून म्हटलं. ती खळखळून हसली. मी उठले नाही. त्या टेबलावर मग मी दोन वर्षं जेवले. ही गोष्ट तुम्हाला समोर बसून सांगायची होती, म्हणून पत्रात लिहिली नाही. मी येईपर्यंत तुम्ही राहिला नाहीत.

आता त्या पोडावर सगळ्यांना मराठी येते, त्यामुळे पोरीला तिथं नेण्यात अर्थ नाही. तिला गरजही दिसत नाही. काल बॅग भरता भरता म्हणाली, "आई, पहिला महिना रोज फोन नको करजो. मले तिथं रुळू दे." मी समजूतदारपणे हो म्हटलं. माझा फोनशिवाय आठवडाही निघायचा नाही, बाबा. हे मी तिला सांगितलेलं नाही.