चोक कोण ओढतं?

ता. ४ डिसेंबर

ती. दादास,
धाकटीचा सा. न. वि. वि.

देवाच्या कृपेने आम्ही दोघी बऱ्या आहोत. तुझ्या पायाचं प्लास्टर कधी निघणार? या वयात गॅरेजातल्या शिडीवर चढू नये, हे तुला कुणी सांगायचं? वहिनीचं तू कधी ऐकलंयस!

पत्राला कारण ह्यांची गाडी. हे गेले तेव्हा तूच म्हणालास, विकायची नसेल तर रोज पंधरा मिनिटं चालू ठेव, नाहीतर बॅटरी बसेल. सात महिने नेमाने ठेवते. कधी सुरू, कधी बंद, पेट्रोल किती, सगळं वहीत टिपते. पण पंधरवड्यापासून पेट्रोल दुप्पट जातंय. धूर काळाकुट्ट, आणि वास इतका की देवापुढची फुलंही त्यात हरवतात.

सासूबाईंना मात्र तो वास हवासा वाटतो. इंजिन सुरू झालं की त्या पुढच्या सीटवर जाऊन बसतात. म्हणतात, माझ्या मुलाच्या कपड्यांना असाच वास यायचा. सात महिन्यांत पहिल्यांदा हसताना पाहिलं त्यांना, म्हणून बसू देते.

मेकॅनिकला बोलावण्याआधी तुला विचारते आहे, कारण तू फुकट आहेस. माझ्यावर आहे तेवढा लोभ या गाडीवरही असू दे.

तुझी
धाकटी

ता. ९ डिसेंबर

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

पाय अजून तीन आठवडे असाच टांगलेला. तुझी वहिनी खूश आहे, नवरा पहिल्यांदाच हाताशी सापडलाय म्हणते.

गाडीला हवा कमी आणि पेट्रोल जास्त मिळतंय. प्लग काढून बघ. त्यावर कोरडी काळी काजळी असेल तर माझं म्हणणं खरं. मग एअर फिल्टर झटक. तो साफ निघाला तर कार्बोरेटरमधली सुई अडकत असेल. ती मेकॅनिकलाच बघू दे, तिथे काटकसर नको.

आणि सगळ्यात सोपं ते शेवटी. डॅशबोर्डवरचं चोकचं बटण आत आहे ना? थंड इंजिन सुरू करताना ते ओढायचं, तापलं की लगेच आत दाबायचं. ओढलेलं राहिलं तर हवेची वाट बंद होते आणि गाडी काळा धूर ओकते.

वहीचं एक पान पाठव, किती पितेय ते बघतो. सासूबाईंना नमस्कार. साखरेचा दाणाही न सांडणारी तू, पेट्रोल कसं सांडू दिलंस याचंच नवल करत बसलेला,

तुझा दादा

ता. १४ डिसेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सांगितलंस ते सगळं केलं. प्लग तव्याच्या बुडासारखे काळे. फिल्टर झटकला. मेकॅनिकने सुईसुद्धा बदलली. धूर तसाच. शेजारीण त्यावरून बडबडते म्हणून मी आता गाडीच्या खोलीचं शटर पूर्ण खाली ओढते आणि फटीत पोतं कोंबते. आतलं दार स्वयंपाकघरात उघडतं, ते उघडं ठेवते, म्हणजे सासूबाईंकडे लक्ष राहतं.

राहिला चोक. इंजिन तापलं की मी स्वतः बटण आत दाबते, हात लावून खात्री करते आणि देवापाशी जपाला बसते. परत येते तर ते बोटभर बाहेर! सासूबाईंना विचारलं. म्हणाल्या, त्याने सांगितलं, आई, थंडी आहे, चोक ओढून ठेव.

दादा, हे असताना सासूबाई कधी पुढच्या सीटवर बसल्या नव्हत्या. त्यांना चोक कुणी दाखवला?

रागावू नकोस, पण काल मलाही ऐकू आलं. गाडीचं दार लागलं, मग ह्यांचं खाकरणं. घरात शिरताना हे असंच खाकरायचे. उठायला गेले तर पायांत बळ नव्हतं, डोकं ठणकत होतं. तशीच बसून राहिले. भीती नाही वाटली. बरं वाटलं.

वहीचं पान सोबत आहे. कळव, आणि लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
धाकटी

ता. १९ डिसेंबर

मुंगे,

आधी उठ आणि शटर उघड. मग पुढचं वाच. टपालाची वाट न बघता ओळखीच्या ट्रक ड्रायव्हरच्या हाती हे देतोय.

तुझी दोन पत्रं आली, एक चौदा तारखेचं, एक पंधराचं. दोन्ही तुझ्याच अक्षरात, शब्दन्‌शब्द तेच. दुसरं लिहिल्याचं तुला आठवतंय का? आणि वहीच्या पानावर पंधरा मिनिटं कुठेच नाहीत. एक तास पाच, एक तास चाळीस, असं तूच लिहिलंयस.

त्या काळ्या धुराबरोबर एक वायू येतो, त्याला वास नसतो. बंद जागेत तो आधी डोकं दुखवतो, मग विसर पाडतो, मग नसलेलं ऐकवतो, आणि शेवटी झोपवतो. त्या झोपेतून कुणी उठत नाही. चूक माझी. गाडी उघड्यावर चालव, हे सांगायचंच राहिलं. चाळीस वर्षं इंजिनं उघडली, आणि सख्ख्या बहिणीला एवढं सांगता आलं नाही.

चोकची तार काढून टाक. दोघी आजच डॉक्टरकडे जा.

दादा

ता. २६ डिसेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

डॉक्टर म्हणाले, आणखी चार दिवस गेले असते तर दोघींपैकी कुणी सांगायला उरलं नसतं. देवाने तुझ्या हातून वाचवलं. पंधरा तारखेचं पत्र मला अजिबात आठवत नाही.

मेकॅनिकने चोकची तार काढली, हवेच्या वाटेवरची पट्टी उघडीच पक्की केली. प्लग आता बिस्किटाच्या रंगाचे, धूर नाही, डोकेदुखी नाही. हेही येत नाहीत.

सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत. एकदाच म्हणाल्या, तू त्याला घराबाहेर काढलंस. बंद गाडीत जाऊन बसतात, कान देऊन.

परवा सकाळी शटर पूर्ण खाली होतं आणि फटीत पोतं होतं. मी सासूबाईंना विचारलं नाही. पोत्याची टोकं आत दुमडायची सवय माझी आहे, त्यांची नाही, आणि टोकं दुमडलेली होती. आता तर माझं डोकंही दुखत नाही, दादा, की त्या वायूला दोष द्यावा.

म्हणून किल्ली या पाकिटात घालते आहे. गिऱ्हाईक बघ आणि गाडी घेऊन जायला माणूस पाठव. तोवर मी मागितली, रडले, देवाची शपथ घातली, तरी देऊ नकोस. तेवढ्याने आपला लोभ आटणार नाही.

तुझी
धाकटी

ता. क. दुसरी किल्ली आहे का, असं सासूबाईंनी आत्ता विचारलं. त्या एका वाक्यानंतर पहिल्यांदाच बोलल्या. मी नाही म्हणाले. आजवर त्यांच्याशी कधी खोटं बोलले नव्हते.