पडदा गनीचाचाच्या हाती

सुरत

तीर्थरूप बाबा,
तुम्हाले आन आईले लेकीचा वाकून नमस्कार.

मी मजेत हाये. घर तिसऱ्या मजल्यावर, मोठं हाये. सारं वरच आणून देतात, त्यामुळे खाली उतरायचं कामच पडत नाही. माझा फोन ह्यांनी दुरुस्तीले देला, म्हणून पत्र लिहून राह्यली. मामंजी वाचून स्वतःच पेटीत टाकणार हायेत. फार काळजी घेतात.

पोळ्याच्या नाटकाची तालीम सुरू झाली असंन. आजोबानं आजीचं लुगडं बांधून पहिला पडदा केला, तेव्हापासून आपल्या मंडळाचा एकही पोळा नाटकाबिगर गेला नाही. यंदा माझं काम कोणाले देलं? गनीचाचाच्या फिजाले द्या, आवाज खणखणीत हाये तिचा.

तिले म्हणा, भिऊ नको. मी पहिल्यांदा उभी राह्यली तेव्हा मधातच भाषण विसरली होती. पण चाचाचं ध्यान आमच्या पायाकडं. कोणी अडकलं आन टाच दोनदा आपटली का पडदा खाली! लोकाईले वाटलं अंक संपला, टाळ्या वाजवल्या. मी विंगेत येऊन रडली, तं चाचा म्हणे, "बेटी, दोरी माझ्या हातात हाये ना."

आईचे गुडघे कसे हायेत? चाचाची जीप लांबच्या रस्त्याले चालते ना अजून?

बाकी ठीक. परवा उंबरठ्यावर माझी टाच आपटली, दोनदा. काळजीचं काही नाही. पण चाचाले आठवणीनं सांगजा.

तुमचीच,
प्रेरणा