आईच्या गादीतली पिसं

ओल्डहेवन, मॅसॅच्युसेट्स
१० ऑक्टोबर १७६८

चि. एनॉस यास,

अ. आ. वि. वि. इकडे आम्ही देवाच्या कृपेने जिवंत आहोत, क्षेम मात्र म्हणवत नाही. लंडनला म्हणे वकिलांच्या संस्थेत ठरावीक पंगती जेवल्या की वकील होता येतं. तुझी भूक पाहता एव्हाना तू न्यायाधीश व्हायला हवा होतास.

गेल्या मंगळवारी जकातीची माणसं घरात शिरली. हातात ते सरसकट झडतीचं फर्मान. त्यात ना कुणाचं नाव, ना घराचं, ना काय शोधायचं ते. वाटेल त्या दारात उभं राहायचं आणि आत घुसायचं. मी उंबऱ्यात आडवी झाले. म्हटलं, इंग्रज माणसाच्या घरात राजालासुद्धा मुकाट्याने बाहेर थांबावं लागतं, हे वडिलांनी मला दुधाचे दात पडायच्या आधी शिकवलंय. म्होरक्या हसला आणि म्हणाला, बाई, बाजूला व्हा.

आणि एनॉस, तो मेला तळघरात उतरला नाही की माळ्यावर चढला नाही. सरळ पावाच्या भट्टीमागच्या भिंतीशी गेला आणि विटा काढायला लागला. काकवीची पिंपं तिथेच होती. फ्रेंच बेटांवरची, जकात न भरलेली. तुझ्याशी खोटं कशाला बोलू? पण ज्या पार्लमेंटात आपला एक माणूस बसत नाही त्यांनी आपल्यावर कर लावायचा कोण, हे तूच तर या चुलीपाशी बसून आम्हाला समजावत होतास.

तुझ्या दाजींचं गलबत जप्त झालं, केलेब त्यामागोमाग गेलेत. खटला हॅलिफॅक्सला चालेल. तिथे पंच बसत नाहीत, एकटा न्यायाधीश ठरवतो, आणि तो राजाच्या मर्जीतला. इथे बारा शेजारी पंच बसले असते तर केलेब दुपारच्या जेवणाला घरी आले असते. रडायलासुद्धा सवड नाही बघ.

चुगली कुणी केली ते कळायला वेळ लागला नाही. त्या आठवड्यात भट्टीपाशी बाहेरचा एकच माणूस बसला होता, असाहेल पाइक. हो, तेच पाइककाका, आपले लहानपणीचे जोडे शिवणारे. माझ्या धाकटीच्या पायाचं माप घ्यायला आले होते. शिवाय म्होरक्याचे बूट त्यांच्याच दुकानात दुरुस्तीला टाकलेले. परवा शनिवारी सगळा गाव धक्क्यावर जमला आणि त्यांना डांबर फासून वर पिसं चिकटवली. पिसं कमी पडली तेव्हा कुणीतरी माझ्याकडे पाहिलं. मी घरी जाऊन आईची गादी आणली आणि तिथेच उसवून दिली. ते काहीतरी ओरडत होते, पण गलक्यात ऐकतंय कोण! चांगली अद्दल घडली म्हणते मी.

फक्त ती पिसं अजून अंगणात उडत येतायत. झाडून झाडून हात दुखले. पंगती आटप आणि लवकर ये, गावाला वकील हवाय. माया आहे तशी राहू दे.

तुझी ताई,
हुल्डा


लंडन
३ जानेवारी १७६९

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र मिळालं. जेवणावरचा तुझा टोमणा वाचून हसलो आणि पुढचं वाचलं.

ताई, चुगली पाइककाकांनी केली नाही. मी केली.

गेल्या मे महिन्यात पंगतीत वाद पेटला होता. सगळे मला चिडवत होते की तुम्ही वसाहतवाले प्रजेला हक्क देणाऱ्या राजा जॉनच्या सनदेचं नाव घेता ते चोरीचा माल लपवायला. मी चवताळलो. म्हणालो, नाव-गाव नसलेलं फर्मान इंग्रजी कायद्यात बसतच नाही. इथवर ठीक होतं. पण टाळी घ्यायची हौस ना! म्हणालो, आणि त्याचा उपयोग तरी काय? माझ्या बहिणीच्या भट्टीमागे काय आहे ते राजाची सगळी फौज आली तरी सापडायचं नाही. सगळे खदाखदा हसले. मला वाटलं, जिंकलो. समोर बसलेल्याचा मामा जकात खात्यात आहे हे मला ठाऊक होतं. ठाऊक होतं, ताई. वारुणीच्या नादात विसरलो.

वडील आपल्याकडून सनदेतलं ते कलम पाठ करून घ्यायचे, आठवतं? बरोबरीच्या माणसांनी न्याय केल्याशिवाय कुणाला धरायचं नाही, छळायचं नाही. तू अडखळायचीस आणि मी दात काढायचो. जे दाजींना हॅलिफॅक्सला मिळणार नाही म्हणून आपण आक्रोश करतो, ते आपल्याच धक्क्यावर काकांना मिळालं नाही. आणि हे म्हणायला तरी मला कुठे तोंड आहे?

हे पत्र तू जाळलंस तर मी घरी येईन, वकील होईन, गाव डोक्यावर घेईल. दाखवलंस तर मला गावाचं दार बंद, पण काका त्या आळातून सुटतील. ठरव तू. बघ, हेही ओझं तुझ्याच डोक्यावर टाकतोय. लोभ ठेव असं लिहायची लाज वाटते, तरी लिहितो.

तुझा करंटा भाऊ,
एनॉस


ओल्डहेवन
२१ मार्च १७६९

चि. एनॉस यास,

अ. आ. वि. वि. आशीर्वाद लिहिले खरे, पण समोर असतास तर आधी कान पिळला असता. गाढवा, तुझी जीभ! मग स्वतःचे हात आठवले. गादी तू नाही उसवलीस.

खरं सांगते, पत्र घेऊन मी चुलीपाशी गेले होते. तुझे दाजी हॅलिफॅक्सहून हात हलवत परत आलेत, गलबत गेलं ते गेलंच. तेही म्हणाले, जाळ, एनॉसचं आयुष्य पुढे आहे. पण कोपऱ्यात धाकटीचे नवे जोडे होते. त्या शनिवारच्या आधीच काकांनी शिवून आणून दिलेले. पैसे घ्यायला ते पुन्हा आलेच नाहीत. मला पत्र जाळवेना.

मग आपल्या रिवाजाप्रमाणे पाद्र्यांकडे कबुली लिहून दिली. रविवारी देवळात सगळ्यांसमोर मधल्या वाटेत उभी राहिले आणि त्यांनी ती वाचली, माझीही आणि तुझीही. केलेब उठून शेजारी येऊन उभे राहिले. मंडळींनी हात वर करून मला माफ केलं. फार पटकन केलं रे, मला ते सोसेना.

तेवढ्यात मागच्या बाकावरून पाइककाका उठले. मानेवरची कातडी अजून लाल आहे. म्हणाले, मला माफी नको. त्या दिवशी मी घसा फोडून सांगत होतो की माझं ऐका. आता ऐका. रीतसर बारा पंच बसवा, माझ्यावर आरोप ठेवा, माझं म्हणणं ऐका आणि मग निकाल द्या. लोक म्हणाले, अहो, तुम्ही निर्दोष आहात हे आता सगळ्यांना माहीत आहे. काका म्हणाले, तेव्हाही तुम्हाला सगळं माहीतच होतं.

काल ग्रामसभा झाली. मी वरच्या सज्ज्यातून पाहत होते. बारा खुर्च्या मांडल्या आणि पंचांच्या नावांची पेटी उघडली. पहिली चिठ्ठी गिरणीवाल्याची निघाली. तो उठला, टोपी हातात घेतली आणि म्हणाला, मी धक्क्यावर होतो. जो त्यात सामील होता त्याला पंच बसता येत नाही, हे आपल्या वडिलांच्या काळापासून इथे पोरंही जाणतात. दुसरी निघाली. मीही होतो. मग देवळातला डीकन, मग पिंपं बनवणारा, मग तुझा शाळेतला गुरू. एकेक उठायचा, तेच सांगायचा, मान खाली घालून बसायचा. शेवटी पेटी उपडी केली, त्यातून नुसती धूळ पडली. एकही खुर्ची भरली नाही.

तेव्हा काका हसले. डांबराच्या दिवसानंतर मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं. म्हणाले, एक आहे की. त्या दिवशी धक्क्यावर नव्हता, कायदाही शिकलाय. हुल्डाचा भाऊ. जीभ त्याचीच घसरली, तेव्हा माझं म्हणणं आधी त्यानेच ऐकावं. त्याला बोलवा.

मी वरूनच म्हटलं, लिहिते. बायकांनी तिथे बोलायचं नसतं, पण मला कुणी अडवलं नाही.

तेव्हा ये. वकील होऊन ये नाहीतर न होता ये. काका म्हणालेत, तू येईपर्यंत खुर्च्या हलवायच्या नाहीत. माया आटलेली नाही, एवढं मनात ठेवून बोटीत बस.

तुझी ताई,
हुल्डा