विभाग ११८, रांग तेवीस, खुर्ची सात आणि आठ

मी, एमिल ह्राबोव्स्की, वय ७९, राहणार ४१२ केटर स्ट्रीट, पोर्ट कार्व्हर, ओहायो, गोदीवरचा निवृत्त क्रेनचालक, शिक्षण नववीपर्यंत, हे माझ्या हाताने लिहून ठेवतो. माझं डोकं ठिकाणावर आहे. मंगळवारी डॉक्टरीणबाईंनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले. एकोणऐंशीपर्यंत बरोबर गेलो, तिथे माझं वय आलं म्हणून थांबलो. त्यांनी ‘ठीक’ असं लिहिलं. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणायला घरी कोणी येतही नाही.

याआधी २००९ साली केलेलं मृत्युपत्र मी रद्द करतो. त्यात ज्या दोन गोष्टी सर्वांत मोलाच्या म्हणून लिहिल्या होत्या, त्यांचं काय झालं ते कलम सातमध्ये आहे. माझा मुलगा रेमंड हे वाचताना आधी तिथेच जाईल, मला माहीत आहे. रे, क्रमाने वाच. मी क्रमाने लिहितो आहे.

कलम १. मला लॉरेटाच्या शेजारी पुरावं. पेटीवर स्टोकर्स संघाचा झेंडा घालू नये. कोणी प्रेमाने घातलाच तर रागावू नये, पण काढावा. पाद्रीबाबांनी प्रवचनात फुटबॉलचं नाव काढू नये. त्यांना विनोद करायची सवय आहे.

कलम २. केटर स्ट्रीटचं घर रेमंडला. तळघराच्या जिन्याची तिसरी पायरी हलते. गॅसची चावी उलटी बसवलेली आहे, बंद वाटते तेव्हा चालू असते. हे मी त्याला तीनदा सांगितलं आहे, पण त्याने ऐकलं की नाही कळत नाही, म्हणून इथे चौथ्यांदा. घर विकायचं असेल तर विकावं, फक्त आधी गॅस तपासावा.

कलम ३. बँकेत जे असेल ते नात जोसीला, तिच्या शिक्षणासाठी. तिने त्याचं काय करावं याबद्दल मला काही म्हणायचं नाही. माझ्या म्हणण्याने कोणाचं भलं झालेलं आठवत नाही.

कलम ४. हत्यारं, म्हणजे पाने, दोन साखळी-कप्प्या आणि लोखंडी पेटी, गोदीच्या दुरुस्ती शेडला. छोट्या कप्पीला अर्ध्या टनाच्या वर ओझं लावू नये. तिच्यावर एक टन लिहिलं आहे, ते खोटं आहे.

कलम ५. कोळशाची मोठी शेगडी व्हर्नन डिट्झ याला. त्याला सगळे डच म्हणतात. डच या कागदावर साक्षीदार होणार होता, पण ज्याला काही मिळतं तो साक्षीदार चालत नाही, असं वकील म्हणाले. मी डचला विचारलं, शेगडी हवी की सही करतोस? तो म्हणाला, “शेगडी. सहीवर सॉसेज भाजता येत नाहीत.”

शेगडी देतो आहे म्हणजे मी त्याला माफ केलं असं नाही. सामन्याच्या दिवशी सकाळी नऊपासून मैदानाबाहेरच्या पार्किंगमध्ये, ‘जी’ रांगेत, आम्ही एकोणतीस वर्षं एकत्र शेगडी पेटवली. २०१३ सालच्या पहिल्या सामन्याला काय झालं ते मी वकिलासाठी सविस्तर लिहितो, कारण त्यांना हा हातात चेंडू घेऊन खेळायचा फुटबॉल कळत नाही आणि ते न कळता कलम सात कळणार नाही.

त्या वर्षी संघाने कर्टिस लिंडेल नावाचा नवा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर आणला. चेंडू आपल्याकडे असताना पुढे कसं जायचं, हे ठरवणारा माणूस. आमचा संघ पन्नास वर्षं एकाच पद्धतीने पुढे जात आला: जाडजूड माणसं पुढे, त्यांच्या मागे फुलबॅक, म्हणजे वाट फोडणारा दांडगा गडी, डोकं खाली घालून ढकलत दोन-तीन यार्ड. दिसायला काही नाही, पण सरोवरावरून नोव्हेंबरचा वारा सुटला की तेवढंच चालतं. लिंडेलने ठरवलं की फुलबॅक नको, चार जण कडेला लांब पसरायचे, क्वार्टरबॅकने भराभर चेंडू त्यांच्याकडे फेकायचा.

त्या सकाळी शेगडीपाशी रे म्हणाला, “बाबा, आपले चार जण पसरले की समोरच्यांनाही पसरावं लागतं. मधली वाट आपोआप मोकळी.”

मी म्हणालो, “वाट मोकळी होईल रे, पण त्या वाटेने पळणार कोण? आपले पुढचे पाच जण म्हणजे पाच कपाटं आहेत.”

“मग कपाटांना चाकं लावतील!” डच म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो.

“पद्धत चांगली असली की माणसं तयार होतात,” रे म्हणाला.

“गोदीवर ओझं बघून साखळी निवडतात. साखळी आवडली म्हणून ओझं बदलत नाहीत. लिंडेल वाईट आहे असं मी म्हणतच नाही. त्याची पद्धत या माणसांना जुळत नाही, एवढंच म्हणतो. आणि आपल्या क्वार्टरबॅकला वाऱ्यात चेंडू फेकता येतो का? त्याला वाऱ्यात टोपी सांभाळता येत नाही.”

“तुम्हाला नवीन काहीच नको असतं, बाबा. आई म्हणायची तेच खरं.”

लॉरेटाला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. तिचं नाव पार्किंगमध्ये काढायची काही गरज नव्हती. मी डचकडे पाहिलं. सकाळी घरी कॉफी पिताना डच माझ्याच बाजूचा होता. त्याने सॉसेज उलटलं आणि म्हणाला, “पोराला एक संधी देऊन बघायला काय हरकत आहे, एमिल?” कोणत्या पोराला, लिंडेलला की रेमंडला, हे मी विचारलं नाही. शेगडी त्याला, पण त्या दिवसाबद्दल मी अजून रागावलेला आहे, हे त्याला वाचून दाखवावं.

कलम ६. सोमवारच्या रेडिओ कार्यक्रमाचे मॉर्ट केसलर यांना काहीही नाही. मी अकरा आठवडे फोन करून हेच सांगत होतो. बाराव्या आठवड्याला ते म्हणाले, “मंडळी, केटर स्ट्रीटचे आजोबा पुन्हा आले, कोणीतरी यांना घोंगडी द्या,” आणि फोन कापला. मी ‘हॅलो’ म्हणतच होतो. सगळ्या शहराने ऐकलं.

संघ सोळापैकी बारा सामने हरला. माझं म्हणणं बरोबर होतं. हे मी मृत्युपत्रात लिहितो आहे, कारण दुसरीकडे कोणी लिहून घेत नाही.

कलम ७. विभाग ११८, रांग तेवीस, खुर्ची सात आणि आठ. स्टोकर्सच्या मैदानातल्या या दोन जागा, दर हंगामाला, १९६८ पासून माझ्या नावावर. सात माझी, आठ लॉरेटाची. ती वारली तेव्हापासून आठवर रेमंड बसत होता. या जागा विकता येत नाहीत, फक्त रक्ताच्या नात्यात मृत्युपत्राने देता येतात. २००९ च्या मृत्युपत्रात त्या रेमंडला दिल्या होत्या. आमच्याकडे बहुतेक लोक घरासाठी नाही, याच्यासाठीच मृत्युपत्र करतात.

२०१३ च्या शेवटच्या सामन्यात एक यार्ड हवा होता. एक. पाच कपाटांनी नुसतं पुढे कलायचं होतं. लिंडेलने चेंडू फेकायला लावला आणि तो समोरच्यांनी पकडला. रांग तेवीस, बावीस आणि चोवीस ऐकत असताना मी रेमंडला म्हणालो, “घे तुझी पद्धत. बस कुरवाळत.” रेमंड सामना संपेपर्यंत समोर बघत बसला. सेहेचाळीस वर्षांचा माणूस, कान लाल झालेले. बरोबर असताना गप्प बसायचं मला कोणी शिकवलं नाही, आणि नववीच्या पुढे कदाचित तेच शिकवत असतील.

फेब्रुवारीत बातमी आली की लिंडेलला आणखी एक वर्ष दिलं. त्याच आठवड्यात जागा पुढे चालू ठेवण्याचा फॉर्म आला. त्यात एक चौकोन असतो. चौकोनात खूण, खाली सही, एक मार्चच्या आत पोस्टात. पंचेचाळीस वर्षं मी हेच केलं. त्या वर्षी मी चौकोन रिकामा ठेवला आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘लिंडेल असेपर्यंत मी या जागेवर बसणार नाही. एमिल ह्राबोव्स्की, १९६८ पासून.’ सही केली. पोस्टात टाकलं.

मला वाटलं, ते फोन करतील. पंचेचाळीस वर्षं म्हणजे काही कमी नाही. कोणीतरी वरचा माणूस म्हणेल, ह्राबोव्स्कीसाहेब, असं करू नका. मी काय बोलायचं ते एका कागदावर लिहून फोनजवळ ठेवलं होतं. फोन आला नाही. एप्रिलमध्ये पत्र आलं: आपण जागा सोडल्याबद्दल नोंद घेतली आहे, जागा प्रतीक्षा यादीतील पुढील व्यक्तीला दिल्या आहेत, आजवरच्या साथीबद्दल आभार. माझं नावही चुकीचं लिहिलं होतं. मी बसने त्यांच्या कार्यालयात गेलो. तिथल्या मुलीने माझाच फॉर्म मला दाखवला. म्हणाली, “आजोबा, तुम्हीच लिहिलंय ना हे?” मीच लिहिलं होतं.

ऑक्टोबरमध्ये लिंडेलला काढलं. आठ महिने. आठ महिने थांबलो असतो तर.

आता खरी गोष्ट, रे. त्याआधीच्या ऑगस्टमध्ये, लिंडेल अजून असताना, तू स्वयंपाकघरात उभा राहून विचारलंस, “तुम्ही जाणार नसाल तर तिकिटं मला द्या ना, बाबा. जोसीला घेऊन जातो. ती एकदाही आठ नंबरवर बसलेली नाही.” माझ्याकडे तिकिटं नव्हती. चार महिने झाले होते. आणि मी काय म्हणालो? “लिंडेलची बाजू घेणाऱ्याला मी तुझ्या आईच्या खुर्चीवर बसू देणार नाही.”

तू म्हणालास, “मग ठेवा. रिकामी ठेवा. तिथेही तुमचंच खरं.” आणि गेलास. कॉफी अर्धी होती.

पाच वर्षं तुला वाटतं आहे की तिकिटं माझ्या कपाटात आहेत आणि मी ती कुजवतो आहे. मी तसं वाटू दिलं. बापाने दुष्टपणा केला, असं तू म्हटलेलं मला चाललं. बापाने मूर्खपणा केला, हे तू म्हणशील, ते चालणार नव्हतं. कपाटात काही नाही. फक्त ते पत्र आहे, चुकीच्या नावाचं. बघून घे.

मध्ये तुझा एकच फोन आला. लिंडेल दक्षिणेत छताखाली खेळणाऱ्या संघाकडे गेला, त्याला हलके, चपळ खेळाडू मिळाले, आणि तो संघ अंतिम सामन्यात पोचला. तू म्हणालास, “बघितलंत?” मी म्हणालो, “बघितलं. तेच तर सांगत होतो, माणसं जुळायला हवीत.” तू म्हणालास, “मीही तेच सांगत होतो, पद्धत चांगली होती.” मग तू काहीतरी म्हणशील असं मला वाटलं. तुलाही बहुतेक तसंच वाटलं असेल. मी म्हणालो, “गॅस तपासत जा.” तू फोन ठेवलास.

गेल्या वर्षी मी डचबरोबर दुसऱ्या विभागात बसून एक सामना पाहिला. दुर्बीण नेली होती. तुझ्या आईच्या खुर्चीवर एक बाई मैदानाकडे पाठ करून फोटो काढत होती. सातवर तिचा कोट ठेवला होता.

म्हणून कलम सातखाली मी कोणालाही काहीही देत नाही. द्यायला नाही.

कलम ८. त्या दिवशी कार्यालयातून निघण्याआधी मी त्या मुलीकडून प्रतीक्षा यादीचा फॉर्म मागून घेतला. ती म्हणाली, “आजोबा, याला फार वर्षं लागतात.” मी म्हणालो, माझ्यासाठी नाही. तेव्हा नंबर मिळाला ११,४०६. दर वर्षी वसंतात एक कार्ड येतं. या वर्षीचं ९,२४१ आहे, फ्रिजच्या बाजूला, भिंतीकडच्या अंगाला चिकटवलेलं, तू आलास तर दिसू नये म्हणून. याच वेगाने गेलं तर एकवीस-बावीस वर्षं. तेव्हा तू त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरचा असशील. नसलास तर जोसी असेल.

यादीतला नंबरही रक्ताच्या नात्यात मृत्युपत्राने देता येतो. वकिलाने दोनदा विचारून खात्री केली, मी तिसऱ्यांदा करवली. तो नंबर मी माझा मुलगा रेमंड एमिल ह्राबोव्स्की याला देतो, आणि त्याच्यानंतर जोसीला. या कागदात मोलाचं तेवढंच आहे.

लिंडेलची पद्धत आपल्या माणसांना जुळत नव्हती, हे मी मागे घेत नाही. बाकीचं घेतो.

अट एकच. कार्ड आलं की चौकोनात खूण करायची, सही करायची, त्याच दिवशी पोस्टात टाकायचं. संघाने कोणालाही आणलं, कितीही राग आला, तरी त्यावर दुसरं काहीही लिहायचं नाही.

ठिकाण: पोर्ट कार्व्हर, ओहायो
दिनांक: २२ ऑगस्ट २०१९
सही: एमिल ह्राबोव्स्की

एमिल यांनी आमच्या डोळ्यांदेखत सही केली. आम्हाला या कागदातून काही मिळत नाही. आम्ही तो वाचलेला नाही, वाचू नका असं त्यांनी सांगितलं होतं.

साक्षीदार १: बर्नाडीन टोमासेक, शेजारीण, ४१४ केटर स्ट्रीट
साक्षीदार २: ॲल्विन रीस, न्हावी, केटर स्ट्रीटचा कोपरा