पोट कशाने बिघडलं

सूनबाई,

सकाळी ऑफिसला निघताना तू माझ्यासाठी मऊ भात करून ठेवलास. "डबा दोन दिवस पुरला नसेल, बाहेरचं नको म्हणून उपाशी राहून पोट बिघडलं असेल," म्हणालीस. उपाशी कसली, शनिवार-रविवार बहिणीच्या गाडीतून शहरभर खात फिरले. दर कोपऱ्यावर गाडी मीच थांबवायला लावली. तुझा डबा उघडलासुद्धा नाही.

गेल्या महिन्यात तू हौसेने बाहेरून मागवलेलं जेवण मी तुझ्या आईसमोर कचऱ्यात टाकलं, न चाखता. बहिणीबरोबर तेच दोनदा मागून खाल्लं. चांगलं होतं गं.

आल्यावर मला उठवू नकोस, तोंड दाखवायची लाज वाटते. रविवारी तुझ्या आईला जेवायला बोलाव. जेवण बाहेरून मागव. वाढेन मी.