भरलेले बंब

शहाबानो भाभी, सलाम.

शवागाराबाहेर तुम्ही मला विचारलंत, "साहेब, शेवटी ते शुद्धीवर होते का?" मी नाही म्हणालो. तेवढं ऐकून तुम्ही बाकावर टेकलात. पुढचं इथे लिहितोय, पण हे पत्र तरी तुमच्या हातात देईन, असं वाटत नाही.

पळस्पे फाट्यावर टँकर उलटला, तो चालवणारे तुमचे मुबारकभाई केबिनमध्ये अडकले आणि ॲसिड केबिनमध्ये शिरून रस्त्यावर वाहू लागलं. रसायनगळती आवरणाऱ्या पथकाचा प्रमुख मी. माझ्यामागे पाण्याने भरलेले दोन बंब उभे होते. दोरीपलीकडून तुम्ही ओरडत होतात, "खुदा के वास्ते, पाणी तरी मारा त्यांच्यावर." बंबवालेही माझ्याच तोंडाकडे बघत होते. पण भाभी, त्या ॲसिडवर पाणी पडलं की ते उकळून उडतं. आधी वाळू टाकावी लागते, आणि वाळूचा डंपर या अपघातानेच तुंबलेल्या ट्रॅफिकमध्ये अडकला होता.

मी सूट चढवून केबिनपाशी गेलो. चेपलेलं दार हलेना. मुबारकभाई शुद्धीवर होते. "पाणी," एवढंच म्हणाले. मास्कमधून माझा आवाज त्यांना पोचत नव्हता, म्हणून मी नुसती मान हलवली.

मला म्हणायचं होतं, जरा थांबा. त्यांना वाटलं, पाणी येतंय. ते एकदम शांत झाले आणि बंबांकडे बघत राहिले. वाळू आली, तेव्हाही त्यांचे डोळे तिकडेच होते.

तुमच्याशी खोटं बोललेला,
एलिशा चेऊलकर