मंत्रीसाहेबांचा शेवटचा चॅप्टर

३ फेब्रु.
तिसऱ्यांदा राजीनामा. मंत्रीसाहेबांचा, माझा नव्हे. आज म्हणे तत्त्वासाठी खातं सोडलं. गेल्या आठवड्यात सांगितलं तब्येतीसाठी, त्याआधी बायकोसाठी. तुर्कस्तानचे माजी मंत्री, आता आमच्या कंपनीचे सल्लागार. मी त्यांचं आत्मचरित्र इंग्रजीत लिहिणारा भाडोत्री. इथे आखातात, दस्मानला त्यांचा फ्लॅट, समोर समुद्र, खिडकी उघडत नाही.
मालक स्पष्ट बोललाय, पुस्तक संपलं की एक्झिट परमिट. तोवर देश सोडता येत नाही. पुण्यात माझ्या नाटकाच्या तालमी माझ्याशिवाय सुरू.

७ फेब्रु.
दिग्दर्शक साकेतचा व्हॉइस मेसेज : "लेखकसाहेब, येताय की दुसरा अंक मीच कापू?" कापेल. हरामखोर आहे.
मंगेशदादा (रूममेट, रिफायनरीवाला) कांदा चिरत : "सांग ना म्हाताऱ्याला, एक कारण ठरव म्हणून."
म्हाताऱ्यानं ठरवलं तर शेवटचा चॅप्टर होऊन पुस्तक संपेल ना. मग त्यांचं ऐकायला कोण जाणार?
इस्तंबूलला का जात नाही, साहेबांना विचारलं. "यंदा थंडी फार." जूनमध्येही हेच बोलले होते.

१२ फेब्रु.
चौथा चॅप्टर पक्का. मंत्री असताना इथे आले, एका शेखच्या दिवाणियात, म्हणजे पुरुषांच्या बैठकीत, बसले. कॉफीचा कप न पिता खाली ठेवला. जुनी रीत आहे इथली. कप खाली म्हणजे पाहुण्याचं काही मागणं आहे. यजमान हो म्हणेपर्यंत पाहुणा पीत नाही, यजमानाची अब्रू पणाला. साहेबांना पुलाचं काम मिळालं.
लिहिता लिहिता वाटलं, आपणही... उद्या मालकाकडे बैठक आहेच.

१३ फेब्रु.
कप खाली ठेवला. भिंतीला टेकून बसलेले सगळे पुरुष, मधे मालक. बोलणं थांबलं. मालक : "काय हवंय याला?"
तोंड उघडणार, तेवढ्यात शेजारून मंत्रीसाहेबांनी कप उचलून माझ्या हातात दिला. "घे एवलादम, गार होतेय." एवलादम म्हणजे पोरा.
आणि मी प्यायलो!! मोठ्या माणसानं हातात दिलं की घ्यायचं, आईनं लहानपणी घोटून घेतलेलं. मालक हसला, विषय बदलला.
अबू हलीफाला आमच्या खोलीवर आल्यावर मंगेशदादा : "गाढवा, जीभ भाजली म्हणून थुंकायचं तरी."
म्हातारा रीत विसरला? ज्यानं स्वतः... नाही. विसरला नाही.

१५ फेब्रु.
थेट विचारलं, का केलंत असं?
समुद्राकडे बघत : "तू गेल्यावर या खुर्चीत कोण बसणार?"
राग यायला हवा होता. आला पण. म्हटलं, मग खरं तरी सांगा, खातं का सोडलंत?
"सोडलं नाही रे. काढलं. जेवत होतो, टीव्हीवर कळलं. बायकोनं आवाज बंद केला." मग बोट दाखवून : "हे लिहायचं नाही."

१६ फेब्रु.
लिहिलं. टीव्ही, जेवण, बंद केलेला आवाज, सगळं. खाली 'समाप्त'. फाइल साहेबांना पाठवली, फक्त त्यांना. मालकाला फक्त मेसेज : पुस्तक संपलं, प्रत साहेबांकडे आहे.
मालक : "ते हो म्हणाले की परमिट."
सरकारी अॅपवर परमिट पेंडिंग.
संध्याकाळी साहेबांचा फोन. "तिनं आवाज बंद करणं... ते चांगलं लिहिलंयस."
म्हटलं, मालकाला हो सांगाल?
"ये. गाडी पाठवलीय."
मंगेशदादा म्हणतो, जाऊ नकोस, अडकवेल परत. बूट घातलेत. या वेळी कप खाली ठेवला की ते हो म्हणेपर्यंत उचलायचा नाही. ड्रायव्हर खाली हॉर्न देतोय